पाणी येतं का?

घर बघायला गेलेला माणूस आमच्या सांगली-मिरजेकडं एक प्रश्न हमखास विचारतो : 'पाणी येतं का?' तीसेक वर्षांपूर्वी माझं लग्न झालं, तेव्हा या प्रश्नाचा अर्थ एकच होता. नळाला पाणी येतं का, किती वाजता येतं, किती वेळ टिकतं. 'येतं' असं उत्तर आलं की ऐकणारा खूश व्हायचा. आता त्याच सांगलीत तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारला जातो, आणि 'येतं' असं उत्तर आलं की माणूस चपला घालून परत निघतो. कारण त्याला विचारायचं असतं ते नळाच्या पाण्याबद्दल नव्हे, नदीच्या पाण्याबद्दल. शब्द जागेवर राहिले आणि अर्थ वाहून गेला. कविता लिहिणाऱ्या माणसाला असल्या गोष्टी टोचत राहतात.

आज मला बोलायचं आहे ते तापत चाललेल्या हवामानाबद्दल, आणि माणसं राहायची जागा कशी निवडतात याबद्दल. मी शास्त्रज्ञ नाही. बी. ए. ची पदवी, एका संस्थेतली कारकुनी आणि संध्याकाळच्या कविता एवढीच माझी मिळकत. पण या विषयातला एक पुरावा माझ्याकडं आहे. तो आमच्या घराच्या भिंतीवर आहे.

आमचं गाव मिरज तालुक्यात, कृष्णेच्या काठी. नाव मुद्दाम सांगत नाही. काठावरच्या कुठल्याही गावाचं नाव त्या जागी घातलंत तरी गोष्ट बदलणार नाही. आमची गल्ली नदीपासून दोनशे पावलांवर. एका टोकाला मशीद, दुसऱ्या टोकाला विठोबाचं देऊळ, मधे आम्ही बारा घरं. आमच्या सोप्यातल्या भिंतीवर अब्बांनी गेरूनं ओढलेली एक रेघ आहे, गुडघ्याएवढ्या उंचीवर. तिच्याशेजारी साल लिहिलेलं नाही. लहानपणी मी विचारलं होतं, 'अब्बा, हे कधीचं पाणी?' ते म्हणाले, 'साल कशाला लिहायचं? येतच असतं.'

त्यांच्या काळात पूर म्हणजे पाहुणा होता. यायचा, उंबऱ्यावर बसायचा, फार तर गुडघाभर आत यायचा आणि दोन दिवसांत शेतात गाळ ठेवून परत जायचा. त्या गाळावर वांगी अशी यायची की आजही अम्मा त्यांची आठवण काढते. आमच्या घरात दखनी बोलतात. अम्मा म्हणायची, 'नदी अपनी पडोसन है रे. आती, बैठती, जाती.' शेजारणीला घाबरून कोणी घर सोडत नाही.

दुसरी रेघ माझ्या हातची, २००५ ची. ती छातीएवढी आहे आणि तिच्याशेजारी मी साल लिहिलं, कारण तसलं पाणी गल्लीतल्या कुठल्याच म्हाताऱ्याला आठवत नव्हतं. तिसरी रेघ २०१९ ची. ती दाराच्या चौकटीच्या वर आहे. ओढायला मला स्टूल लागलं. चौथी २०२१ ची, तिसरीच्या थोडी खाली. पहिल्या रेघेला साल नाही. दुसरी आणि तिसरी यांच्यात चौदा वर्षांचं अंतर आहे. तिसरी आणि चौथी यांच्यात दोन वर्षांचं.

सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलावर मोजतात. १९२९ साली झालेला हा पूल म्हणजे आम्हा काठच्या लोकांचं पंचांग. पावसाळ्यात कोणी कोणाला भेटलं की 'बरं आहे का?' याच्याआधी 'आयर्विनला किती?' असं विचारतं. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीस फुटांना धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं.

त्या दिवसांचं फार सांगत नाही, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलेलं आहे. आमच्यापुरतं सांगतो. अम्मा, माझी बायको, धाकट्या भावाचं कुटुंब आणि शेजारचे तात्या-काकू असे आम्ही एका नावेतून निघालो. काकूंची म्हैस मागं राहिली. ती हंबरत होती आणि नावेत कोणी कोणाकडं बघत नव्हतं. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि माणसं बुडाली. ती बातमी आम्ही माळावरच्या शाळेत, सतरंजीवर बसून ऐकली. आपण बसलो होतो ती नावही तशीच होती, एवढंच प्रत्येकाच्या मनात आलं असणार. १२ तारखेला बकरी ईद होती. शाळेच्या व्हरांड्यात आम्ही नमाज पढलो आणि देवळाच्या मंडळानं शिजवलेल्या खिचडीवर ईद झाली. तात्या गळाभेट घेताना म्हणाले, 'कवी, पुढच्या ईदला कोरड्यात भेटू.' पुढं २०२१ साली बकरी ईद २१ जुलैला आली आणि लगोलग पाणीही आलं. अम्मा म्हणाली, 'अब नदी बी ईदकू आने लगी.' आम्ही हसलो. पण त्या दिवसापासून तिनं नदीला पडोसन म्हणणं सोडलं.

पाणी उतरल्यावर घरात गेलो, तेव्हा मागची मातीची भिंत पडलेली होती. माझ्या कवितांच्या वह्यांचा लगदा झाला होता. त्याचं मला फारसं वाटलं नाही. त्यातल्या बऱ्याचशा तशाही बुडायच्याच लायकीच्या होत्या. वाईट वाटलं ते कब्रस्तानात. ते नदीच्या अगदी कडेला आहे. पाण्यानं सगळे मातीचे उंचवटे सपाट केले होते. कोणती कबर कोणाची, ते कळेना. अब्बांची कबर तात्यांनी दाखवली. त्यांच्या लक्षात होतं, कडुनिंबापासून सात पावलं. खांद्याला खांदा लावून ते त्या दिवशी तिथंवर आले होते.

आता प्रश्न असा की, हे असं का व्हायला लागलं? पूर पूर्वीही येत होते, धरणं आणि त्यांतून पाणी सोडण्याच्या वेळा हे भांडणही जुनं आहे, आणि नदीच्या पात्राकडं आपण घरं, भराव, कार्यालयं सरकवत नेली हेही खरं. २०१९ च्या पुरानंतर सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं असामान्य पावसावर बोट ठेवलं आणि पूरपट्ट्यातल्या अतिक्रमणांवरही ठेवलं. म्हणजे सगळं पाप आभाळाच्या माथी मारून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. पण आभाळही पूर्वीचं राहिलेलं नाही.

मला समजलं तसं सांगतो. हवा म्हणजे एक झोळी समजा. हवा जितकी गरम, तितकी झोळी मोठी. तापमान एक अंश सेल्सिअसनं वाढलं की हवेत मावणारी वाफ सुमारे सात टक्क्यांनी वाढते. औद्योगिक युगाच्या आधीच्या मानानं पृथ्वी आता एका अंशाहून जास्त तापलेली आहे; २०२४ हे तर दीड अंशाच्या वर गेलेलं पहिलं वर्ष ठरलं. आता या मोठ्या झोळीचे दोन परिणाम होतात. ती भरायला जास्त वेळ लागतो, म्हणून पावसात लांबलचक खंड पडतात. आणि एकदा भरून उलटी झाली की थोड्या वेळात फार पाणी ओतते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या मधल्या पट्ट्यात, मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी होणारी अतिवृष्टी १९५० पासून २०१५ पर्यंत तिपटीनं वाढली, असं त्यात दिसलं. अरबी समुद्र तापला आहे आणि तिथून येणारी वाफ हे त्याचं एक मोठं कारण, असं ते सांगतात.

हे वाचलं आणि मला अब्बांची बिनसालाची रेघ आठवली. 'येतच असतं' असं ते म्हणाले, कारण त्यांना नदीची सवय माहीत होती. आमच्या पिढीला ती माहीत नाही, कारण नदीनंच ती मोडली आहे.

सरकारी नकाशावरही दोन रेषा असतात, निळी आणि लाल. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येण्याजोग्या पुराची हद्द आणि लाल म्हणजे शंभर वर्षांत एकदा येण्याजोग्या पुराची. आमच्या गावात याचा अर्थ लोकांनी असा लावला की, आता आला म्हणजे पुढची शंभर वर्षं निवांत. तसं ते नाही. त्या पुराची शक्यता दर वर्षी शंभरात एक असते. यंदा येऊन गेला म्हणून पुढच्या वर्षाला सूट मिळत नाही. शिवाय या रेषा मागच्या पावसाच्या हिशेबावर काढलेल्या असतात. हिशेबच बदलला की कागदावरची रेषा तिथंच राहते आणि पाणी पुढं जातं. रेषेच्या बाहेर आहोत म्हणून निर्धास्त असलेला माणूस पहिल्यांदा बुडतो, कारण त्यानं सामान हलवलेलं नसतं.

मग माणसं जागा का बदलत नाहीत? शहरातले मित्र मला हेच विचारतात. '२००५ ला बुडालात, २०१९ ला बुडालात, तरी तिथंच?' त्यांच्या बोलण्यात एक शब्द दडलेला असतो, 'निवड'. जणू रविवारी सकाळी अंगणात खुर्ची टाकून, चहा घेत माणूस ठरवतो, की हवामान बदलतं आहे, तेव्हा आपण बुवा उंचावर राहायला जावं. मी असा माणूस अजून पाहिलेला नाही.

आमच्याच जिल्ह्याचं बघा. पश्चिमेला आम्ही बुडतो आणि पूर्वेला जत, आटपाडी, कवठेमहांकाळ हे पिढ्यान्‌पिढ्यांचे दुष्काळी तालुके. २०१९ च्या पावसाळ्यात आम्ही नावेत होतो, तेव्हा जिल्ह्याच्या पूर्वेकडं टँकर चालू होते. एकाच जिल्ह्यात, एकाच महिन्यात 'पाणी येतं का?' या प्रश्नाचे दोन अर्थ. विटा-खानापूर-आटपाडीकडची माणसं दुष्काळाला कंटाळून कधीच बाहेर पडली. सोनं-चांदी गाळण्याचा गलाईचा धंदा करत ती देशभरच्या सराफ कट्ट्यांवर पोचली. आज भारतातल्या कुठल्याही मोठ्या शहरात गलाईवाला भेटला तर त्याचं गाव विचारा, बहुधा तो आमच्याकडचा निघेल. त्यांनी गाव सोडलं, पण सोडण्याच्या आधी हातात एक कसब होतं आणि पुढं गेलेला भाऊबंद होता. त्याच्या आधारानं दुसरा गेला, दुसऱ्याच्या आधारानं तिसरा. जागा बदलायला वाट लागते, आणि वाट कोणीतरी आधी तुडवलेली लागते.

ज्यांच्यापाशी तेही नसतं, ते ऊसतोडीला येतात. दसरा झाला की बीडकडून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसं आमच्या काठावर उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली, ती फिटेपर्यंत हात मोकळे नाहीत. उसाच्या फडाशेजारी कोप्या उभ्या राहतात आणि पाच-सहा महिने तेच घर. पाऊस रुसला की गावातले कोयते वाढतात. एकदा एका बाईंना मी विचारलं, 'गाव सोडताना वाईट वाटत नाही?' त्या म्हणाल्या, 'सोडतो कुठं? दर साली परत जातो की. सोडायला दुसरं असावं लागतं.' हे वाक्य मी कवितेत घालायचा पुष्कळ प्रयत्न केला. ते माझ्या कवितेत मावलं नाही.

आणखी एक आठवण सांगतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला प्यायला पाणी उरलं नव्हतं, तेव्हा आमच्या मिरजेहून रेल्वेनं पाणी गेलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ती गाडी बघायला आम्ही स्टेशनवर गेलो होतो. फार अभिमान वाटला. आपली कृष्णा तहानलेल्याच्या दारात चालली होती. तीनच वर्षांनी त्याच कृष्णेनं आम्हांला घराबाहेर काढलं आणि मदतीचे ट्रक आले, त्यांतले काही मराठवाड्यातून आले. लातूरकर तहानेनं गाव सोडायच्या बेतात आलेला, सांगलीकर पुरानं. दोघांचं दुखणं एकाच झोळीतलं.

हे दुखणं फक्त आपलं नाही. मी वर्तमानपत्रांची कात्रणं ठेवतो. जागतिक बँकेनं २०२१ साली अंदाज दिला की, हवामानाच्या बदलामुळं २०५० पर्यंत जगात २१ कोटी ६० लाखांपर्यंत माणसांना आपल्याच देशात दुसरीकडं जावं लागेल. आपल्याच देशात, हे महत्त्वाचं. आपल्याला वाटतं लोंढे परदेशात जातील. बहुतेकांची धाव तालुक्याच्या गावापर्यंतच असते. पॅसिफिक महासागरात तुवालू नावाचा अकरा हजारांच्या आसपास वस्तीचा देश आहे, समुद्रसपाटीपासून जेमतेम वर. ऑस्ट्रेलियानं करार करून त्यांच्यातल्या २८० जणांना दर वर्षी घ्यायचं कबूल केलं. २०२५ साली पहिली सोडत निघाली, तेव्हा देशातल्या एक तृतीयांशाहून जास्त लोकांनी अर्ज केले. देश सोडायची सोडत! पनामा देशात गार्दी सुगदुब नावाचं चिमुकलं बेट आहे. तिथल्या तीनशेच्या आसपास कुटुंबांना २०२४ च्या जूनमध्ये मुख्य भूमीवर नवी घरं मिळाली. तरी काही माणसं बेटावरच राहिली. त्यांच्यात आमची अम्मा असणार, याची मला खात्री आहे.

आता माझी गोष्ट. २०१९ च्या पुरानंतर आम्ही ठरवलं, निदान पावसाळ्यापुरती तरी शहराच्या उंच भागात भाड्यानं जागा घ्यावी. एजंट भला माणूस होता. त्यानं जागा दाखवली, मी विचारलं, 'पाणी येतं का?' तो हसून म्हणाला, 'दोन्ही अर्थांनी काळजी नको.' मालकांनी चहा दिला. नाव विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, 'मराठी छान बोलता की तुम्ही.' मी म्हटलं, 'चाळीस वर्षं याच भाषेत लिहितो आहे.' दुसऱ्या दिवशी निरोप आला, जागा कालच गेली. अशा पाच जागा 'कालच' गेल्या. सहाव्या ठिकाणचे मालक सरळ म्हणाले, 'तुमच्याबद्दल काही नाही हो, पण बाकीच्या लोकांना आवडणार नाही.' त्यांचा मला राग आला नाही. निदान त्यांनी माझा सातवा हेलपाटा वाचवला.

हे मी गाऱ्हाणं म्हणून सांगत नाही. ज्याला अनामत रक्कम भरता येत नाही, त्यालाही तो दरवाजा बंदच असतो. ज्याच्याकडं दोन म्हशी आहेत, त्यालाही. एकट्या बाईला, आडनाव ऐकून भुवया उंचावल्या जातात त्या बौद्ध कुटुंबालाही. मला एवढंच कळलं की, उंच जागा ही नुसती नकाशात उंच नसते. तिथं चढायला पायऱ्या लागतात आणि त्या प्रत्येकाच्या वाट्याला सारख्या आलेल्या नाहीत. पाणी मात्र खाली सगळ्यांच्या घरात सारखंच शिरतं.

२०२१ नंतर आमच्या गल्लीतली दोन घरं गेली. दोघांची परिस्थिती बरी होती, मुलं पुण्याला होती. त्यांनी जाऊ नये असं मी कसं म्हणू? पण ती गेल्यावर काय झालं ते सांगतो. त्यांतल्या एकाचा ट्रॅक्टर होता. पाणी चढायला लागलं की गल्लीतलं धान्य, गाद्या, म्हातारी माणसं तोच माळावर नेऊन सोडायचा. दुसऱ्याचं किराणा दुकान होतं. पुरानंतरचे पंधरा दिवस गल्ली त्याच्या उधारीवर जेवायची. दोन कुलपं लागली आणि उरलेली दहा घरं एकदम गरीब झाली. म्हणजे ज्याला जाता येतं तो पहिल्यांदा जातो, आणि जाताना राहणाऱ्याची ताकदही घेऊन जातो. त्याच्या मनात तसं नसतं, पण होतं तसंच.

मग गावच्या गाव उचलून वर न्यावं का? तेही सोपं नाही. कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीला १९८९ च्या पुरानंतर सोनतळीच्या उंच भागात जागा मिळाल्या. तरी पुष्कळ लोक खालीच राहिले आणि पुढच्या पुरांत पुन्हा बुडाले. बाहेरचा माणूस म्हणतो, काय हट्टी लोक! पण शेत खाली, गोठा खाली, वैरण खाली. पहाटे धार काढायला रोज कुठून उतरायचं? घर वर आणि पोट खाली, अशी माणसाची दोन ठिकाणी वाटणी करता येत नाही.

आमच्या गल्लीत हे सगळं बोलून झालं. कधी मशिदीच्या ओट्यावर, कधी देवळाच्या कट्ट्यावर. दोन वर्षं बोलणं चाललं होतं. पहिल्या बैठकीत प्रत्येकजण आपापलं बोलत होता. मग तात्या म्हणाले, 'एकेकटा गेला तर ते पळणं झालं. सगळे मिळून गेलो तर ते राहायला जाणं.' आम्हा लिहिणाऱ्यांना सुचायला हवं होतं ते त्यांना सुचलं. दहापैकी आठ घरं तयार झाली. माळावर एका शेतकऱ्याची जमीन सामाईकात घ्यायची, गल्लीत आहे त्याच क्रमानं घरं बांधायची. खरी बोलणी बायकांनी केली. काकूंनी सांगितलं, आधी गोठा, मग घर. अम्मानं सांगितलं, काकूंच्या शेजारचा प्लॉट नसेल तर मी येत नाही. खालची घरं पाडायची नाहीत. आठ महिने शेताच्या दिवसांत तिथं राबता ठेवायचा आणि जून लागला की वर यायचं. जो तयार नाही त्याच्यासाठी एक जागा राखून ठेवायची, कारण उद्या तोही येईल.

सोपं काहीच झालं नाही. बिगरशेतीच्या परवानगीचे हेलपाटे झाले, कर्जाचे झाले. अजून तीनच घरं उभी आहेत, आमचं त्यांतलं एक. दोघांनी मधेच अंग काढून घेतलं आणि त्यांतला एक परत आला. आम्ही फार शहाणे आहोत असं नाही. पण एक गोष्ट मला पटली आहे. तापत्या काळात कुठं राहायचं, हे एकेका घरानं ठरवायचं ठेवलं तर पैसेवाला उंचावर जाईल, कसबवाला शहरात जाईल आणि उरलेला पाण्यात राहील. ते गल्लीनं, गावानं मिळून ठरवायला हवं, आणि पाणी यायच्या आधी ठरवायला हवं. पूर आल्यावर जी होते ती निवड नसते, ती सुटका असते. सरकारनंही मदतीचा धनादेश बुडालेल्या घराला जसा दिला, तसा वर चढणाऱ्या गल्लीला हात दिला, तर पुढचे धनादेश कमी लागतील. हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही, कारकुनाचा हिशेब पुरतो.

मागच्या महिन्यात अम्माला माळावरचं घर दाखवायला नेलं. ऐंशी पार केलेली बाई, रिक्षातून उतरून भिंतीला हात लावत सगळीकडं फिरली. खिडकीतून नदी दिसते का, ते पाहिलं. दिसते, लांबून, चांदीच्या तारेसारखी. कब्रस्तानातला कडुनिंबही दिसतो. ती बराच वेळ तिथं उभी राहिली. मग स्वयंपाकघरात गेली, कोऱ्या नळाची तोटी फिरवली. फुसकन हवा आली. गावची पाणीयोजना माळापर्यंत पोचलेली नाही. आम्ही बोअर मारलं, चारशे फुटांपर्यंत नुसती धूळ निघाली. सध्या टँकर येतो, आठवड्यातून दोनदा.

अम्मानं तोटी बंद केली आणि माझ्याकडं वळून साध्या आवाजात विचारलं, 'यहाँ पानी आता क्या?'

तीस वर्षांपूर्वीचाच प्रश्न, जुन्याच अर्थानं. माळापर्यंतच्या पाइपलाइनचा अर्ज आम्ही ग्रामपंचायतीत दिला आहे, आठ घरांच्या सह्यांनिशी. पुढच्या ग्रामसभेत तो विषय आहे. तिला उत्तर मी त्यानंतर देणार आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)